कवडशातली धूळ आणि जॉन टिंडल

एमबीबीएसला असताना मायक्रोबायॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत टिंडलायझेशन म्हणजे काय, हा प्रश्न हमखास विचारला जाई. उत्तर पाठ असे. शंभर अंश सेल्सिअसच्या वाफेत वीस ते तीस मिनिटे, असे लागोपाठ तीन दिवस. त्याआधी शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात टिंडल परिणाम भेटलेला होता. कवडशात धुळीचे कण चमकताना दिसतात तो. हे दोन्ही टिंडल एकच की वेगळे, असे परीक्षकांनी कधी विचारले नाही आणि आमच्याही डोक्यात कधी आले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी हवामानबदलावर वाचताना तिसऱ्यांदा हेच नाव समोर आले. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे प्रयोगशाळेत मोजून दाखवणारे टिंडल. तेव्हा पुस्तके काढून बसलो, तर तिन्ही ठिकाणी माणूस एकच निघाला.

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात लेलिनब्रिज या गावी झाला. वडील पोलीस शिपाई. घरात पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाचा नाद होता आणि मुलाने शिकावे असा त्यांचा आग्रह होता. गावच्या शाळेत गणित आणि मोजणी चांगली शिकल्यामुळे १८३९ मध्ये सरकारी भूमापन खात्यात नोकरी लागली. तिथून इंग्लंडच्या भूमापनात बदली झाली. आयरिश सहायकांना मिळणारी वागणूक आणि पगार यांबद्दल सह्यांचा अर्ज गेला, त्यात टिंडल पुढे होते. १८४३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. मग काही वर्षे रेल्वेच्या मार्गांची मोजणी केली. त्या काळी इंग्लंडमध्ये रेल्वेचे वेड शिगेला पोहोचले होते, कामाला तोटा नव्हता. पण टिंडल यांचे मन त्यात रमले नाही. १८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेजात शिक्षक झाले. तिथे रसायनशास्त्र शिकवणारा एडवर्ड फ्रँकलंड हा तरुण मित्र मिळाला आणि दोघांनी ठरवले की खरे विज्ञान शिकायचे तर जर्मनीत जायला हवे.

साठवलेले पैसे घेऊन वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी टिंडल मारबुर्गला गेले. शिकवायला बुन्सेन होते. आपल्या प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरचे बुन्सेन ते हेच. पैसे संपण्याआधी पदवी मिळवायची म्हणून त्यांनी दिवसरात्र अभ्यास केला आणि दोन वर्षांत डॉक्टरेट घेतली. या काळात झोपेची जी वाट लागली ती कायमची. पुढे आयुष्यभर त्यांना निद्रानाश आणि अपचन यांनी छळले. एवढे इथे लक्षात ठेवावे, कारण शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे एक व्याख्यान झाले आणि ते इतके गाजले की त्याच वर्षी तिथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. मायकेल फॅरडे तिथले ज्येष्ठ. लोहाराचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा यांचे चांगले जमले. फॅरडे यांच्यानंतर संस्थेचा कारभारही टिंडल यांच्याकडेच आला.

या माणसाला दोन वेडे होती. एक प्रयोगशाळा आणि दुसरे आल्प्स पर्वत. उन्हाळा आला की ते स्वित्झर्लंडला जात, हिमनद्या कशा वाहतात ते मोजत आणि शिखरे चढत. वाइसहॉर्न हे साडेचार हजार मीटरचे शिखर १८६१ मध्ये पहिल्यांदा सर झाले ते टिंडल आणि त्यांच्या दोन वाटाड्यांच्या हातून. हिमनद्या पाहता पाहता एक जुना प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. युरोपात पूर्वी कधीतरी बर्फ खूप खालपर्यंत पसरले होते याच्या खुणा दगडांवर होत्या. मग पृथ्वीचे तापमान बदलते ते कशाने? हवेचे आवरण उष्णता धरून ठेवत असावे, असे फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२४ मध्ये सुचवले होते. पण हवेतला कोणता वायू किती उष्णता अडवतो हे कुणी मोजले नव्हते.

टिंडल यांनी मे १८५९ मध्ये ते मोजायला घेतले. उपकरण वर्णनात सोपे वाटते. एक लांब पितळी नळी. एका टोकाला उकळत्या पाण्याचे भांडे, म्हणजे उष्णतेचा उगम. दुसऱ्या टोकाला उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे थर्मोपाइल आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर. नळीची दोन्ही तोंडे बंद तर करायला हवीत, पण काच चालत नाही, कारण काच स्वतःच ही उष्णता अडवते. म्हणून त्यांनी स्फटिकासारख्या स्वच्छ सैंधवाच्या चकत्या बसवल्या. उपवासाच्या पदार्थात घालतो तेच सैंधव! या मिठातून उष्णतेचे किरण आरपार जातात. नळीतली हवा काढून एकेक वायू भरायचा आणि गॅल्व्हानोमीटरची सुई किती हलते ते पाहायचे.

ऑक्सिजन आणि नायट्रोजन भरले तेव्हा सुई जवळजवळ हललीच नाही. म्हणजे हवेचा ९९ टक्के भाग उष्णतेच्या दृष्टीने असून नसल्यासारखा. पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीनसारखे वायू भरताच सुई सरकली. हवेत अगदी थोड्या प्रमाणात असलेले घटक पृथ्वीची ऊब राखतात, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसले. १० जून १८५९ रोजी त्यांनी हा प्रयोग रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभेत करून दाखवला. अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट होते. दोन वर्षांनी सविस्तर निबंध रॉयल सोसायटीत वाचला. या घटकांच्या प्रमाणात फरक पडला तर हवामान बदलू शकते, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले.

इथे एका बाईंचे नाव घेतले पाहिजे. अमेरिकेच्या युनिस फूट यांनी १८५६ मध्येच काचेच्या नळकांड्यांत वायू भरून ती उन्हात ठेवली होती आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापते हे दाखवले होते. त्यांचा निबंध सभेत दुसऱ्या कुणी वाचला आणि पुढे दीडशे वर्षे तो विसरला गेला. टिंडल यांना त्याची माहिती होती का, यावर इतिहासकारांत वाद आहे. फूट यांनी मोजली ती उन्हाने येणारी ऊब. टिंडल यांनी मोजली ती तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी अदृश्य उष्णता, आणि हरितगृह परिणाम घडतो तो हिच्यामुळे. दोघांचे श्रेय वेगळे आहे आणि दोघांनाही ते द्यावे.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट येथपर्यंत बहुतेकांना थोडीफार माहीत असते. पण मला टिंडल यांच्या आयुष्याचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि तो सुरू झाला एका वैतागातून.

१८६८ मध्ये ते काचेच्या नळीत वेगवेगळ्या द्रवांची वाफ भरून तीतून प्रखर प्रकाशाचा झोत सोडत होते. प्रकाशाने वाफेचे विघटन होऊन नळीत ढग तयार होत. त्यासाठी आतली हवा अगदी निर्मळ हवी. झोतात एकही कण चमकता कामा नये. टिंडल यांनी हवा तीव्र आम्लातून आणि क्षारातून गाळून घेतली. ओलावा गेला, कार्बन डायऑक्साइड गेला; पण झोत सोडला की धूळ आहे तिथेच. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी त्यांनी ती हवा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून आत घेतली. धूळ नाहीशी झाली. टिंडल चकित झाले. हवेतली धूळ म्हणजे माती, दगडाचा चुरा, अशी सर्वांची समजूत होती. आणि माती जळत नाही. जे जळून गेले ते सेंद्रिय असले पाहिजे.

मग त्यांनी उघड्या खोलीतच झोताच्या खाली जळता दिवा धरला. झोतातून काळ्या धुराचे लोळ वर चढताना दिसू लागले. तो धूर नव्हता. ज्योतीने कण काढून टाकलेली स्वच्छ हवा वर जात होती आणि तिच्यात प्रकाश परावर्तित करायला काही उरले नव्हते, म्हणून ती काळी दिसत होती. स्वच्छ हवेतून जाणारा प्रकाश बाजूने पाहणाऱ्याला दिसतच नाही. कवडसा दिसतो याचा अर्थ हवेत काहीतरी आहे.

यापुढचा प्रयोग प्रत्येक छातीच्या डॉक्टरने वाचावा असा आहे. टिंडल यांनी काचेच्या नळीतून झोतामध्ये श्वास सोडला. सुरुवातीला झोत तसाच धुळकट. पण श्वास शेवटाकडे आला, म्हणजे फुप्फुसाच्या अगदी खोलवरची हवा बाहेर येऊ लागली, तसे झोताला काळे भोक पडले. आत जाताना हवेत धूळ होती, बाहेर येताना नव्हती. मग ती गेली कुठे? फुप्फुसात राहिली. आज आम्ही एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून दगडखाणीतल्या, सूतगिरणीतल्या, चुलीपुढच्या रुग्णांत ज्याचे परिणाम पाहतो, ते त्यांनी एका दिव्याने दाखवले होते.

दुसऱ्या खेपेला तोंडाला कापसाचा जाड थर धरून श्वास घेतला. तेव्हा सोडलेली हवा सुरुवातीपासूनच काळी, म्हणजे स्वच्छ. जानेवारी १८७० मध्ये धूळ आणि रोग या विषयावरच्या व्याख्यानात त्यांनी हे सगळे करून दाखवले आणि संसर्गाच्या जागी काम करणाऱ्यांनी कापसाचा मुखवटा वापरावा असे सुचवले. पुढे लंडनच्या अग्निशमन दलासाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा यांचे थर असलेला श्वसनपट्टा त्यांनी तयार केला. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, बोलताना तोंडातून उडणारे थेंब लेसरच्या झोतात दाखवणारा अमेरिकेतला प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. कल्पना तीच, फक्त दिव्याच्या जागी लेसर. मास्क लावा म्हणून घसा कोरडा करताना आम्हाला वाटे की हे सगळे नवीन आहे.

डॉक्टरांनी त्या वेळी टिंडल यांचे स्वागत केले असे नाही. भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या अंगणात कशाला यावे, असा सूर अनेकांचा होता. लंडनचे हेन्री चार्ल्टन बॅस्टियन हे नामांकित डॉक्टर तर सडक्या पदार्थांत जंतू आपोआप निर्माण होतात, हवेतून येत नाहीत, या मताचे होते. टिंडल पाश्चर यांच्या बाजूचे. वाद सोडवायला त्यांनी एक लाकडी पेटी केली. समोर आणि बाजूंना काच, आतून ग्लिसरीनचा लेप, तळाला परीक्षानळ्या बसवलेल्या. पेटी बंद करून काही दिवस न हलवता ठेवायची. कण खाली बसतात आणि ग्लिसरीनला चिकटतात. झोत सोडल्यावर आत काहीच दिसले नाही की हवा निर्जंतुक समजायची. मग नळ्यांत मांस, मासे, भाज्या यांचे उकळलेले पाणी भरायचे आणि पुन्हा पाच मिनिटे उकळायचे. पेटीतल्या नळ्या महिनोन्महिने नितळ राहिल्या. बाहेर उघड्यावर ठेवलेल्या काही दिवसांत गढूळ झाल्या आणि नासल्या.

प्रकरण इथे संपायला हवे होते. पण पुढच्या हिवाळ्यात तोच प्रयोग फसू लागला. त्याच पेट्या, तीच पाच मिनिटे, आणि नळ्या गढूळ. एखाद्याने असे निकाल गुपचूप बाजूला ठेवले असते. बॅस्टियन टपून बसलेच होते. टिंडल यांनी अपयश लपवले नाही, त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी कारण सापडले ते प्रयोगासाठी आणलेल्या वाळक्या गवतात. त्या गवतातले बीजाणू सगळ्या प्रयोगशाळेच्या हवेत पसरले होते आणि काही तर तासन्‌तास उकळूनही मरत नव्हते. खात्री करायला त्यांनी सगळा संसार उचलून क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या नव्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या हवेत प्रयोग पुन्हा यशस्वी झाला. मग उपायही सुचला. बीजाणू झोपलेला असताना चिवट असतो, अंकुरला की नाजूक होतो. म्हणून एकदा थोडे उकळायचे, एक दिवस थांबायचे, तोवर अंकुरलेले दुसऱ्या उकळीत मरतात, उरलेसुरले तिसऱ्या. हेच आमच्या तोंडी परीक्षेतले टिंडलायझेशन, साल १८७७. त्याच वर्षी आल्प्समध्ये त्यांनी उकळून बंद केलेल्या बाटल्या नेल्या. काही गवताच्या माळ्यावर उघडल्या, काही कड्याच्या टोकावर मोकळ्या वाऱ्यात. माळ्यावरच्या बहुतेक नासल्या. कड्यावरची एकही नाही.

१८८२ मध्ये कोख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधला, तेव्हा इंग्रज वाचकांना ती बातमी समजावून सांगणारे पत्र टाइम्समध्ये लिहिले तेही टिंडल यांनीच. क्षयाचे रुग्ण रोज तपासणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटते.

आता पुन्हा त्या नळीतल्या ढगांकडे येऊ. धूळ काढून टाकल्यावर टिंडल यांना जे हवे होते ते दिसले. वाफेपासून कण तयार होऊ लागतात तेव्हा ते अतिसूक्ष्म असतात आणि झोत आकाशासारखा निळा दिसतो. कण वाढत जातात तसा निळा रंग फिका होतो आणि शेवटी पांढरा ढग उरतो. आकाश निळे का, याचे उत्तर सापडले असे त्यांना वाटले. ते अर्धेच बरोबर होते. पुढे रॅले यांनी दाखवले की त्यासाठी कणांचीही गरज नाही, हवेचे रेणूच पुरतात. पण कणाचा आकार बदलला की तोच पदार्थ प्रकाशाशी वेगळा वागतो, हे टिंडल यांनी डोळ्यांना दाखवले होते. आज हवामानशास्त्राची जी सर्वांत अवघड गाठ आहे तिचे एक टोक इथे आहे.

म्हणजे या एका माणसाने उष्णता अडवणारे वायूही मोजले आणि प्रकाश पसरवणारे कणही. पण दोन्ही कामे त्यांच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर राहिली. कण हा त्यांच्या दृष्टीने आधी अडथळा होता आणि नंतर रोगाचा वाहक. हवामानाच्या हिशेबात त्याला जागा मिळाली ती पुढच्या लोकांच्या हातून. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० मध्ये दोन भांड्यांत वाफ सोडली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. साध्या हवेत दाट धुके झाले, गाळलेल्या हवेत वाफ दिसलीही नाही. वाफेला थेंब व्हायला बसायला पाट लागतो आणि तो पाट म्हणजे हवेतला कण. समुद्राचे मीठ, धूळ, धूर, गंधकाच्या वायूपासून तयार झालेले कण. कण नसेल तर ढग नाही.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, शॉन टूमी यांनी पुढची पायरी सांगितली. ढगातले पाणी तेवढेच असेल आणि कण वाढले, तर थेंबांची संख्या वाढते आणि प्रत्येक थेंब लहान होतो. एका मोठ्या थेंबापेक्षा तेवढ्याच पाण्याचे अनेक बारीक थेंब जास्त प्रकाश परत फेकतात. ढग अधिक पांढरा होतो, ऊन माघारी जाते आणि खालची जमीन वा समुद्र थंड राहतो. समुद्रावरच्या विरळ ढगांत जहाजांच्या धुराने उमटलेल्या पांढऱ्या रेघा उपग्रहाच्या चित्रांत दिसतात, त्या याच. उलट काजळी ऊन शोषून हवा तापवते. शिवाय थेंब फारच बारीक झाले की ते एकमेकांना मिळून पावसाचा थेंब व्हायला वेळ लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमाने ढगांत नेऊन हे मोजले आहे. प्रदूषित हवेतल्या ढगाला पाऊस सुरू होण्याआधी जास्त उंच वाढावे लागते, असे त्यात दिसले. महाबळेश्वरला ढग जमिनीवर उतरतात म्हणून तिथे याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे.

हे सगळे मोजणे अवघड का? कार्बन डायऑक्साइड सगळीकडे सारखा मिसळतो आणि शतकानुशतके टिकतो, म्हणून त्याचा हिशेब जमतो. टिंडल गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, अऱ्हेनियस यांनी तो कागदावर मांडलाही. कण मात्र काही दिवस ते एक-दोन आठवडे हवेत राहतात, प्रत्येक शहरावर वेगळे असतात, आणि ढग तर किलोमीटर दोन किलोमीटरचे. जगाच्या हवामानाचे गणित करणारी संगणकाची जाळी त्याहून कितीतरी मोठ्या चौकटींची असते. ढग त्या जाळीतून निसटतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे उत्तर १९७९ मध्ये दीड ते साडेचार अंश असे होते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातही तेच होते. २०२१ मध्ये कुठे ते अडीच ते चार असे आकसले. मधली सगळी वर्षे शास्त्रज्ञ झोपले नव्हते, ढगांशी झगडत होते.

त्याच अहवालातले दोन आकडे मला रुग्णाच्या केसपेपरसारखे वाटतात. माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंनी पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत एक ते दोन अंशांनी तापवली असावी. माणसानेच सोडलेल्या इतर गोष्टींनी, मुख्यतः कणांनी, ती शून्य ते ०.८ अंशाने थंड ठेवली असावी. एखादा रुग्ण १०१ ताप घेऊन येतो. आधी कुठून तरी गोळी घेतलेली आहे, पण किती घेतली ते त्याला सांगता येत नाही. मग खरा ताप किती? १०२ की १०४? औषधाचा असर सहा तासांत उतरतो, संसर्ग तिथेच असतो. कण आठवड्यात खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड राहतो.

इथे एक विचित्र पेच उभा राहतो. हवा स्वच्छ केली की हा आडोसा जातो आणि झाकलेला ताप वर येतो. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातले गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणले गेले, तेव्हापासून समुद्रावरच्या त्या पांढऱ्या रेघा कमी झाल्या. मग कुणी कुणी म्हणतात की थोडे प्रदूषण असलेले बरे. हे म्हणणाऱ्याने एक दिवस सरकारी रुग्णालयाच्या छातीच्या बाह्यरुग्ण विभागात डिसेंबरच्या सकाळी येऊन बसावे. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने २०१९ मध्ये जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संसर्ग कायम असताना तापाची गोळी म्हणून विष चालू ठेवा, असे कोणता डॉक्टर सांगेल? कण कमी करायचे आणि वायूही कमी करायचे, त्यातही मिथेनसारखे लवकर विरणारे आधी. टिंडल यांच्या दोन्ही पानांवरचे काम एकदम करावे लागणार आहे.

टिंडल यांचे शेवटचे दिवस सांगायचे राहिले. १८७६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी लुईसा हॅमिल्टन यांच्याशी लग्न केले. लुईसा त्यांच्याहून चोवीस-पंचवीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी प्रयोगांत मदत केली, टिपणे लिहून घेतली, आल्प्समध्येही सोबत केली. पुढे दोघे लंडनचा धूर सोडून सरे परगण्यात हाइंडहेडच्या टेकडीवर राहायला गेले. तिथली हवा आल्प्ससारखी आहे असे टिंडल म्हणत.

पण झोप तिथेही आली नाही. रात्री झोपेसाठी क्लोरल आणि सकाळी पोटासाठी एका आड एक दिवस मॅग्नेशिया असा क्रम होता. दोन्ही औषधे लुईसा आपल्या हाताने देत. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी त्यांनी चुकीची बाटली उचलली. मॅग्नेशियाचा म्हणून दिलेला मोठा डोस क्लोरलचा होता. चव गोड लागली तसे दोघांच्याही लक्षात आले. टिंडल यांनी स्वतःच उलटी करण्याचा प्रयत्न केला. डॉक्टर आले, पोट धुतले, दिवसभर सगळे उपाय झाले. संध्याकाळी ते गेले. वय ७३. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवू नयेत आणि देण्याआधी लेबल वाचावे, हे आज प्रत्येक नर्सला पहिल्या वर्षी शिकवतात. असे नियम कुणाच्या तरी घरातून आलेले असतात.

लुईसा त्यानंतर ४७ वर्षे जगल्या. पतीचे चरित्र आपणच लिहायचे असे त्यांनी ठरवले होते. पत्रे, रोजनिशा, टिपणे गोळा केली, लावली, नकला करून घेतल्या. त्या काळचे मोठे वैज्ञानिक एकेक करून गेले. ज्यांनी टिंडल यांना पाहिले होते ते संपत आले. लुईसांच्या मनाला काही ते लिखाण पुरे वाटले नाही आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातीही त्यांना लवकर देववेना. १९४० मध्ये त्या वारल्या. चरित्र १९४५ मध्ये छापून आले.